टक्केवारी वाढली म्हणजे लिग्निन वाचलं असं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणातल्या एका घराच्या ओसरीबाहेर पाइनच्या फळ्यांचा डेक केला होता. काही पावसाळ्यांतच फळ्या तपकिरी पडल्या आणि त्यांना चौकोनी भेगा गेल्या. त्याच आवारात पडून राहिलेल्या आंब्याच्या ओंडक्याचं लाकूड मात्र पांढुरकं, मऊ आणि दोरे सुटल्यासारखं झालं. विचारणाऱ्या आर्किटेक्टबाईंनी दोन्हींचे नमुने तपासायला दिले, सोबत त्याच लाकडांचे निरोगी तुकडेही दिले. अहवालात पाइनमधलं लिग्निन, म्हणजे लाकडाच्या तंतूंना जागेवर धरून ठेवणारं द्रव्य, २७ वरून ४६ टक्क्यांवर गेलंय आणि आंब्यातलं २५ वरून २३ वर आलंय. बुरशीने लाकूड कुजतं त्यातली पांढरी कूज (आंब्यातली) लिग्निन खाते, तपकिरी (पाइनमधली) खात नाही, असं त्यांनी वाचलंय. मग आंब्यात फक्त दोनच टक्के कमी कसं? आणि पाइनमध्ये लिग्निन शाबूत आहे, किंबहुना वाढलंय, तर एपॉक्सी भरून फळ्या वाचतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. फळ्या काढा. का, ते खाली येईल. तुमच्या अहवालातले आकडे बहुधा बरोबरच आहेत, फक्त ते जे सांगत नाहीत ते आपण त्यांच्या तोंडी घालतो.

टक्केवारी असते ती उरलेल्या लाकडाची, मूळच्या लाकडाची नाही. निरोगी पाइनचं १०० ग्रॅम कोरडं लाकूड घ्या. त्यात २७ ग्रॅम लिग्निन. समजा बुरशीने ४३ ग्रॅम वजन संपवलं. त्यात बहुतेक सगळं सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज, म्हणजे लाकडातली साखरी द्रव्यं, लिग्निन जेमतेम एक ग्रॅम. उरलं ५७ ग्रॅम लाकूड, त्यात २६ ग्रॅम लिग्निन. भागाकार करा, ४६ टक्के येतात. लिग्निन एक ग्रॅमने घटलंय आणि कागदावर एकोणीस टक्क्यांनी चढलंय.

आता आंबा. १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम लिग्निन. समजा निम्मं वजन गेलं. उरलेल्या ५० ग्रॅमचे २३ टक्के म्हणजे साडेअकरा ग्रॅम. साडेतेरा ग्रॅम लिग्निन, म्हणजे निम्म्याहून जास्त, नाहीसं झालंय आणि कागदावर फरक दिसतोय दोन टक्क्यांचा. बुरशी तिन्ही घटक साधारण सारख्या वेगाने खात असेल तर टक्केवारी जागची हलत नाही, लाकूड मात्र संपत जातं.

वजनघटीचे ४३ आणि ५० हे आकडे मी धरून चाललोय, कारण तुमच्या अहवालात वजनघट दिलेलीच नाही. माझ्या मते त्यातली सगळ्यात मोठी उणीव हीच. निरोगी आणि कुजलेल्या तुकड्यांचं भट्टीत वाळवलेलं वजन आणि आकारमान घेतलं की घनतेवरून अंदाज काढता येतो. तपकिरी कुजीचं लाकूड वाळताना बरंच आक्रसतं, त्यामुळे घनता फसवी वाढते आणि वजनघट असते त्यापेक्षा कमी दिसते, एवढं ध्यानात ठेवा. पण वजनघट न देता नुसती लिग्निनची टक्केवारी देणं म्हणजे अर्धं गणित सोडवून पुढचं पान फाडून टाकणं.

टक्केवारी काढतात कशी, तेही बघायला हवं. बहुतेक ठिकाणी क्लासन पद्धत वापरतात. ७२ टक्के सल्फ्युरिक आम्लात लाकडाचा भुसा मुरवायचा, मग आम्ल पातळ करून उकळायचं, साखरी द्रव्यं विरघळून जातात आणि न विरघळलेला गाळ तोलायचा. त्या गाळाला लिग्निन म्हणायचं. तो गाळ किती बदललाय, त्यातले कुठले दुवे तुटलेत, त्यात बुरशीची स्वतःची न विरघळणारी द्रव्यं किती मिसळलीत, यातलं काहीही तराजू सांगत नाही. आंब्यासारख्या रुंद पानांच्या झाडांत तर लिग्निनचा थोडा भाग आम्लातच विरघळतो. तो वेगळा मोजला नसेल तर २५ आणि २३ या दोन्ही आकड्यांवर जरा शंका घ्यावी लागते.

आता लाकडाच्या आत जाऊ. कोकणातली कुडाची भिंत तुम्ही पाहिली असेल. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या आणि त्यांवर शेणमातीचं लिंपण. पेशीभित्तिकेत काठ्यांच्या जागी सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू असतात, ताण घेणारे. लिंपणाच्या जागी लिग्निन असतं. ते दाब घेतं, पाणी अडवतं आणि काठ्यांना जागेवर धरून ठेवतं. हेमिसेल्युलोज दोघांच्या मध्ये राहून दोघांना बांधतं. दोन पेशींच्या सांध्यातल्या पातळ थरात, मध्यपटलात, लिग्निन सर्वांत दाट असतं. पण भिंतीचा जाड थर म्हणजे एस-२, आणि त्याच्या जाडीमुळे एकूण लिग्निनचा मोठा वाटा तिथे असतो. हा तपशील पुढे लागणार आहे.

सेल्युलोज म्हणजे एकाच प्रकारच्या दुव्यांची सरळ साखळी. तो दुवा ओळखणारं एन्झाइम एकदा मिळालं की काम सोपं. लिग्निनचं तसं नाही. सुगंधी (बेंझिनसारख्या) कड्यांचे तुकडे झाडाने फ्री रॅडिकल (मूलक) रसायनाने जसे जुळतील तसे जोडलेले असतात. त्यात निम्म्याच्या आसपास बीटा-ओ-४ नावाचे ईथर दुवे असतात आणि बाकीच्यांत बरेचसे कार्बन-कार्बनचे निरनिराळे, जास्त चिवट. एका चावीने उघडणारं हे कुलूप नव्हे, म्हणून लिग्निन फोडणाऱ्या बुरश्या चावी शोधायच्या भानगडीत पडत नाहीत. त्या ऑक्सिडीकरणाचा मारा करतात.

त्यात अडचण जागेची. बुरशीचा धागा पेशीच्या पोकळीत असतो. तिथून भिंतीत शिरायला निरोगी लाकडात जी छिद्रं असतात ती इतकी अरुंद की एन्झाइमचा रेणू त्यांत मावत नाही. दोन्ही कुजींची चाल या एका अडचणीतून समजते. पांढऱ्या कुजीच्या बुरश्या एन्झाइमच्या मदतीने छोटी, फिरती द्रव्यं तयार करून पुढे धाडतात आणि भिंत हळूहळू मोकळी करतात. तपकिरी कुजीच्या बुरश्यांनी एन्झाइमचा हा मोठा पसारा टाकून दिला आहे आणि जवळजवळ सगळा भार छोट्या रेणूंवर सोपवला आहे.

तुमच्या डेकचं प्रकरण तपकिरी कुजीचं आहे, तेव्हा ते सावकाश बघू. शंकूधारी लाकडावर, उन्हापावसात, तापणाऱ्या फळ्यांवर बहुधा ग्लिओफायलम गणातली बुरशी असते. तुमच्या फोटोत फळीच्या टोकाशी तांबूस-तपकिरी, खाली पातळ पातळ पडदे असलेलं जे कवक दिसतंय त्यावरून मला तीच वाटते. प्रयोगशाळेत खात्री करून घ्या, पण उपचारात त्याने फरक पडणार नाही.

ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडते. ते लोह विरघळवून धरून ठेवतं. सोबत ती हायड्रोक्विनोन प्रकारचे छोटे रेणू सोडते, ते फेरिक लोहाचं फेरस करतात आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवायला मदत करतात. फेरस लोह आणि पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल मूलक तयार होतं. ही हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णन केलेली अभिक्रिया. हायड्रॉक्सिल मूलक इतकं उतावळं असतं की जिथे जन्मतं तिथेच, समोर येईल त्यावर तुटून पडतं. म्हणून ते धाग्याजवळ न बनता भिंतीच्या आत, एस-२ मध्ये बनावं लागतं, नाहीतर बुरशीच भाजून निघेल. सूक्ष्मदर्शकाखाली याचा पुरावा दिसतो: धाग्याला चिकटलेला आतला पातळ एस-३ थर बराच काळ शाबूत आणि त्यामागचा एस-२ पोकळ होत चाललेला.

हेमिसेल्युलोज आणि सेल्युलोजच्या साखळ्या यात लवकर तुटतात. एलिस कौलिंग यांनी १९६१ मध्ये स्वीटगम या झाडाच्या लाकडावर दोन्ही कुजींची तुलना प्रसिद्ध केली. तपकिरी कुजीत वजन फारसं घटायच्या आतच सेल्युलोजच्या साखळ्यांची लांबी धाडकन खाली आली, पांढऱ्या कुजीत ती बराच काळ टिकून राहिली. म्हणूनच वजन पाच-दहा टक्के घटलेलं असतानाच तपकिरी कुजीच्या लाकडाची ताकद, विशेषतः धक्का सोसायची, निम्म्याहून खाली जाऊ शकते. डोळ्यांना तेव्हा रंगात जरासा फरक दिसतो, बाकी काही नाही. मला या कुजीची धास्ती वाटते ती एवढ्यासाठीच.

आणि लिग्निन? ‘तपकिरी कूज लिग्निनला हात लावत नाही’ हे वाक्य अजूनही नोट्समध्ये फिरतं. ते चूक आहे. हायड्रॉक्सिल मूलक साखर आणि लिग्निन असा भेदभाव करत नाही. लिग्निनच्या कड्यांवरचे मेथॉक्सिल गट गळतात आणि त्या जागी फिनॉलिक हायड्रॉक्सिल येतात. कार्बोनिल आणि कार्बोक्सिल गट वाढतात. क्विनोनसारख्या रचना तयार होतात, तपकिरी रंगात त्यांचा मोठा हात असतो. पूर्वी समज असा होता की बदल एवढ्यावर थांबतो आणि लिग्निनचा सांगाडा तसाच राहतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या मॅडिसनच्या संशोधकांनी ग्लिओफायलम ट्रॅबियमने कुजवलेलं स्प्रूसचं लाकूड एनएमआर या रेणूंची रचना दाखवणाऱ्या यंत्राखाली पाहिलं, तेव्हा बाजूच्या साखळ्यांतले बीटा-ओ-४ सारखे दुवे ठळकपणे कमी झालेले दिसले. म्हणजे सांगाडाही तुटतो. पण तुटलेले तुकडे बुरशी खात नाही. त्यांतले बरेचसे पुन्हा एकमेकांशी जुळतात आणि जागच्या जागी राहतात. तराजूला वजन तेवढंच मिळतं, माल बदललेला असतो.

कुडाच्या भाषेत सांगायचं तर काठ्या गेल्यात आणि लिंपण भाजून, तडकून उभं आहे. वाळताना ते आक्रसतं आणि धाग्यांचा आधार नसल्याने उभं-आडवं फुटतं, तेच तुमच्या फळ्यांवरचे चौकोन. एपॉक्सीने त्या चौकोनांना टणकपणा येईल, पण माणसं चालताना फळीला वाकण्याचा ताण घ्यायचा असतो आणि तो घेणाऱ्या लांब साखळ्या परत आणता येत नाहीत. संग्रहालयातली मूर्ती असती तर मी वेगळा विचार केला असता. तिला जागेवर उभं राहण्यापलीकडे काही करायचं नसतं.

या बदललेल्या लिग्निनची एक गंमत. ते मूळच्यापेक्षा रासायनिकदृष्ट्या जास्त चपळ असतं, कारण फिनॉलिक गट वाढलेले असतात. लाकूड चिकटवायच्या गोंदांत ते वापरून बघायचे प्रयोगही झालेत. निसर्गात मात्र ते बुरशीला नकोसं उरलेलं ताट आहे: उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांत तपकिरी कुजीचे अवशेष जमिनीत फार दीर्घकाळ टिकून राहतात.

आता आंब्याचा ओंडका. पांढऱ्या कुजीच्या बुरश्यांकडे लिग्निन पेरॉक्सिडेज, मँगनीज पेरॉक्सिडेज, दोघांचे गुण असलेलं व्हर्सटाइल पेरॉक्सिडेज आणि लॅकेज ही शस्त्रं असतात. सगळ्यांकडे सगळी नसतात. लॅकेज सर्वांत जुनं ओळखीचं, १८८३ मध्ये जपानी लाखेच्या झाडाच्या चिकात सापडलेलं. लिग्निन पेरॉक्सिडेजचा शोध थेट १९८३ चा, फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीतला. हे एन्झाइम कड्यातून एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं. अस्थिर झालेला रेणू मग आपणच तुटतो, बरेचदा बाजूच्या साखळीतल्या दोन कार्बनांच्या मध्ये. पुढे कडंच उघडतं आणि शेवट कार्बन डायऑक्साइडपर्यंत जातो. एवढी मजल बुरश्यांमध्ये मुख्यतः पांढऱ्या कुजीवाल्याच मारतात.

मँगनीज पेरॉक्सिडेज जास्त हुशारीने काम करतं. ते स्वतः भिंतीत शिरत नाही, मँगनीजला ऑक्सिडाइझ करून पाठवतं. ऑक्झॅलिक आम्लाचा हात धरून ते मँगनीज आत झिरपतं आणि फिनॉलिक भागांवर काम करतं. काही वेळा मँगनीजचं ऑक्साइड लाकडात काळ्या ठिपक्यांच्या रूपात साचतं. तुमच्या ओंडक्यात काळे ठिपके असतील तर ते असू शकतात. काळ्या वळणदार रेघा ही मात्र वेगळी गोष्ट, त्या बुरश्यांनी आपापल्या हद्दीवर घातलेल्या मेलॅनिनच्या भिंती असतात. सजावटीच्या लाकूडकामात त्यांना चांगला भाव येतो.

पांढऱ्या कुजीतही दोन तऱ्हा आहेत, आणि तुमचा गोंधळ नेमका तिथे झालाय. एका तऱ्हेत बुरशी तिन्ही घटक बरोबरीने खाते. वरचं आंब्याचं गणित त्याचंच. दुसऱ्या तऱ्हेत ती आधी लिग्निन आणि हेमिसेल्युलोज काढते, सेल्युलोज मागे ठेवते. मध्यपटल विरघळलं की पेशी एकमेकींपासून सुटतात आणि दोरे हातात येतात. तुम्ही दोरे सुटल्याचं लिहिलंय, पण टक्केवारी दोननेच उतरली आहे, तेव्हा ओंडक्यात दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी नांदत असाव्यात आणि तुमचा नमुना मिश्र असावा. एकाच ओंडक्यात हे सर्रास होतं. पांढरे दोरेदार पट्टे पटाशीने वेगळे काढून तपासा, आकडा बराच खाली येईल.

दुसऱ्या तऱ्हेचं टोक पाहायचं तर दक्षिण चिलीच्या पावसाळी जंगलांत जावं लागेल. तिथे गॅनोडर्मा गणातली बुरशी पडलेल्या झाडांतलं लिग्निन इतकं काढून टाकते की पांढरा, ओला, मऊ गर उरतो. तिथले लोक त्याला पालो पोद्रिदो म्हणतात आणि तो गुरांना चारतात. गुरांना लाकूड पचत नाही ते मुख्यतः लिग्निनच्या वेढ्यामुळे. वेढा उठला की आतलं सेल्युलोज त्यांच्या कोठीपोटातल्या जंतूंना मिळतं. आपल्याकडे भाताच्या काडावर धिंगरी अळिंबी घेतात, तीही पांढऱ्या कुजीच्याच बुरश्यांतली. कागदाच्या लगद्यासाठी लाकडाच्या ढलप्यांवर आधी सेरिपोरिऑप्सिस सबव्हर्मिस्पोरा वाढवून यांत्रिक दळणाची वीज वाचवायचे प्रयोगही मॅडिसनलाच झाले.

रुंद पानांच्या झाडांत लिग्निनचे दोन प्रकार मिसळलेले असतात, ग्वायासिल आणि सिरिंजिल. सिरिंजिलवर एक मेथॉक्सिल जास्त असतं, त्यामुळे ते ऑक्सिडाइझ व्हायला सोपं आणि चिवट दुवे त्यात कमी. बुरशी ते आधी फस्त करते. पाणी वाहणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतींत ग्वायासिल जास्त असतं, म्हणून तंतू गेल्यावरही वाहिन्या नळ्यांसारख्या उरलेल्या दिसतात. पाइनमध्ये जवळजवळ सगळं लिग्निन ग्वायासिलच. पांढऱ्या कुजीच्या बुरश्या रुंद पानांच्या लाकडावर जास्त आणि तपकिरी कुजीच्या शंकूधारी लाकडावर जास्त का आढळतात, याच्या कारणांत हेही एक धरलं जातं.

‘लिग्निन खाते’ या शब्दांबद्दल एक टिप्पणी. नुसत्या लिग्निनवर या बुरश्या वाढत नाहीत. लिग्निन फोडायचा खर्च त्या साखरेच्या जिवावर करतात, साखरेपर्यंत पोचण्यासाठी. २०२१ मध्ये दोन बुरश्यांत लिग्निनपासून येणाऱ्या छोट्या रेणूंतला कार्बन त्यांच्या शरीरात वापरला जातो असं दिसून आलं, तेव्हा ‘अजिबात खात नाहीत’ असंही आता म्हणता येणार नाही.

मऊ कूज या तिसऱ्या प्रकाराबद्दल फार लिहीत नाही, तुमच्याकडे ती नाही. सतत ओल्या लाकडात, जमिनीत गाडलेल्या खांबांत ती भेटते. एस-२ मध्ये तंतूंच्या दिशेने लांबट पोकळ्या पाडते आणि मध्यपटलातलं दाट लिग्निन बहुतेक तसंच सोडते.

प्रयोगशाळेकडून पुढे काय मागायचं? पाइनसाठी एक टक्का सोडियम हायड्रॉक्साइडमधली विद्राव्यता मागा. जुनी, स्वस्त आणि बोलकी चाचणी आहे. निरोगी पाइनमध्ये ती साधारण १० ते १५ टक्के येते, तपकिरी कूज लागली की झपाट्याने चढते, कारण तुटके साखरी तुकडे आणि बदललेलं लिग्निन दोन्ही अल्कलीत उतरतात. पांढऱ्या कुजीत ती त्या मानाने फार चढत नाही. एफटीआयआर (अवरक्त प्रकाशाने रासायनिक गट ओळखणारं) यंत्र असेल तर त्याच्या आलेखावर १५१० (प्रति सेंमी) च्या आसपासचं लिग्निनच्या कड्यांचं शिखर आणि १७३५ च्या आसपासचं हेमिसेल्युलोजचं शिखर यांचं गुणोत्तर निरोगी तुकड्याशी ताडून बघायला सांगा. एनएमआरची तुम्हाला गरज नाही, तो खर्च प्रबंधासाठी ठीक आहे.

जागेवर तर टोचा पुरतो. फळीच्या पृष्ठभागात टोचा तिरका घालून उचका. लांब, तंतुमय ढलपी निघाली तर लाकूड ठीक. आखूड तुकडा कटकन मोडून आला तर तपकिरी कूज आत पोचलेली आहे, रंग कसाही असो. डेकच्या चांगल्या दिसणाऱ्या फळ्यांवर आणि विशेषतः खालच्या आडव्या तुळयांवर हे करा. फळ्या तुम्ही बदलालच, पण लोक त्यावर उभे राहतात तो भार तुळयांवर असतो.

नवीन फळ्या पाइनच्याच घ्यायच्या असतील तर दाबाखाली औषध मुरवलेल्या घ्या, आणि जागेवर कापलेल्या प्रत्येक टोकाला औषध पुन्हा लावून घ्या. पाइनच्या बाहेरच्या भागात औषध चांगलं शिरतं, गाभ्यात शिरत नाही, आणि सुतार नेमकं टोक कापून तो गाभा पावसाला उघडा करतो. बोरॅक्स-बोरिक आम्ल उघड्यावरच्या डेकला उपयोगाचं नाही, पावसात धुऊन जातं. दोन फळ्यांमध्ये पाणी निथळेल एवढी फट ठेवा आणि वळचणीच्या पागोळ्या डेकवर पडत असतील तर आधी पन्हळ लावा. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर वर लिहिलेल्या रसायनातलं काहीच सुरू होत नाही. कोकणात उघड्यावर जून ते सप्टेंबर ते शक्य नाही, पण ऑक्टोबरात फळी किती लवकर सुकते हे तुमच्या हातात आहे. सागाचा विचार असेल तर गाभ्याच्याच फळ्या मागा. सालीलगतच्या पांढऱ्या भागातही लिग्निन भरपूर असतं, तरी तो कुजतो. सागाचा टिकाऊपणा मुख्यतः गाभ्यातल्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांचा असतो, आणि ती त्या पांढऱ्या भागात जवळजवळ नसतात.